कॅराजीननचं जेल जमत नाहीये? आधी शैवालाची पिढी तपासा

लाल शैवाल लालच दिसेल असं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. उन्हात फायकोएरिथ्रिन (त्याचं लाल रंगद्रव्य) विरलं की ते हिरवट-पिवळं पडतं. तो धडा मी पहिल्याच आठवड्यात शिकले. माझे सहा महिने खाल्ले ते दुसऱ्याच गोष्टीने.

कॉन्ड्रस क्रिस्पस या लाल शैवालातून कॅराजीनन, म्हणजे द्रव दाट करणारी किंवा जमवणारी लांब साखळीची शर्करा, काढत होते. पोटॅशियम क्लोराइड घातलं की एक बॅच घट्ट जमायची, पुढची नुसती चिकट राहायची. प्रजाती तीच, पद्धत तीच. पाणी बदललं, अल्कली वाढवली, पीएच मीटरला दोष दिला, शेवटी स्वतःला. गाईडचं एकच पालुपद: "हात साफ नाही, पुन्हा कर." स्वतः कधी नमुना हातात न घेतलेल्या गाईडचं हे निदान मनावर घेऊ नका.

आता हे सावकाश वाचा. या शैवालाच्या गॅमिटोफाइट (युग्मके बनवणारी) आणि टेट्रास्पोरोफाइट (बीजाणू बनवणारी) या दोन पिढ्या, प्रजननाच्या खुणा नसतील तर, डोळ्यांना सारख्याच दिसतात. कॅराजीनन मात्र वेगळं. गॅमिटोफाइटमध्ये मुख्यतः 'कापा' प्रकारचं: दर दोन शर्करांमागे साधारण एक सल्फेट आणि ३,६-अॅनहायड्रो पूल (शर्करेच्या कड्यातला आतला बंध). त्यामुळे साखळ्यांना पीळ पडतो, पोटॅशियम ते पीळ एकमेकांशी जुळवतो, जेल जमतं. टेट्रास्पोरोफाइटमध्ये 'लॅम्डा' प्रकारचं: सल्फेट तीनच्या आसपास, पूल नाही, पीळ नाही. द्रावण दाट होतं, जमत नाही. अल्कलीने 'म्यू'चं (कापाच्या पूर्वरूपाचं) कापा होतं, लॅम्डाचं नाही. म्हणजे माझी सगळी अल्कली वाया. मी दोन्ही पिढ्या एकाच पिशवीत भरत होते!

उपाय फार साधा आहे, म्हणूनच जास्त राग येतो. प्रत्येक झुडपाचा छोटा सुका तुकडा रिसॉर्सिनॉलच्या आम्ल द्रावणात तापवा. गुलाबी-लाल झाला तर गॅमिटोफाइट, फिका राहिला तर टेट्रास्पोरोफाइट. दहा झुडपं तपासून बाकीची अंदाजाने भरण्याचा शॉर्टकट घेऊ नका. मी घेतला होता.

आणि लॅम्डा निघालं म्हणून रडू नका, थंड द्रव दाट करायला तेच लागतं. पिढ्यांनी भल्याभल्यांना चकवलंय. कॉन्कोसेलिस ही पॉर्फिराचीच (ज्यापासून नोरी हे खाद्य शैवाल मिळतं त्याचीच) अवस्था आहे, हे शैवालशास्त्रज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी दाखवलं १९४९ मध्ये. तोवर तिला वेगळंच शैवाल समजत होते. नोरीची आधुनिक शेती त्या शोधावर उभी राहिली.

लाल शैवालांतलंच दुसरं जेल, अगार, काढणाऱ्यांना ही भानगड सहसा नडत नाही. ग्रॅसिलेरिया या शैवालाला अगार काढण्याआधी अल्कली द्यायला तेवढं विसरू नका.