आखाजी झाली, आता वळवाआधी पंपघरातली अर्थिंग बघा

आखाजी (अक्षय तृतीया) उरकली की खानदेशात विहिरीचं पाणी तळाला जातं आणि पारा ४४-४५ वर. रावेर-यावल-चोपड्याकडच्या केळीला या दिवसांत एक दिवसाचाही खाडा चालत नाही. आणि नेमकं याच वेळी दुपारनंतर सातपुड्याच्या अंगानं ढग उठतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. या पंधरा-वीस दिवसांतल्या वळवात पाऊस कमी आणि वारा-विजा जास्त. बोअरची मोटर अशा वेळी गेली, तर ती वर काढायला गाडी मिळत नाही, वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) भरणाऱ्याकडे रांग असते आणि बाग तोवर सुकते.

म्हणून विजेच्या झटक्यापासून मोटर वाचवायचा हा सल्ला जूनसाठी नाही, आताच्या आठवड्यासाठी आहे.

वीज आपल्या शेतात पडावीच लागते असं नाही. दूर कुठं तरी पडली तरी उघड्या तारांच्या लांबलचक लाइनमध्ये काही हजार व्होल्टचा झटका उमटतो आणि तारेतून पंपघरात येतो. तो टिकतो सेकंदाचा लाखावा-दहा हजारावा हिस्सा. एमसीबी किंवा फ्यूजला हालायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, त्यामुळे ‘एमसीबी बसवलाय, काळजी नाही’ हे समाधान खोटं आहे. झटका निघून गेल्यावर एमसीबी पडला तर पडला. पाणबुडी मोटर तर या झटक्याची आवडती जागा. ती शेकडो फूट खाली पाण्यात बसलेली असते, म्हणजे जमिनीशी तिच्याइतकं पक्कं नातं दुसऱ्या कशाचंच नाही. वर चांगली अर्थिंग नसेल, तर झटका केबलने खाली उतरून वायंडिंगचं इन्सुलेशन फोडूनच जमिनीत जातो.

अशा झटक्याला सर्ज म्हणतात. यावर उपाय म्हणजे सर्ज प्रोटेक्टर. दुकानात एसपीडी म्हणून मागा. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की तो झटक्याला जमिनीकडे वाट करून देतो. ‘जमिनीकडे’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. अर्थिंग मेलेली असेल तर चांगल्यातला चांगला एसपीडीही भिंतीवरची शोभा.

आणि आपल्याकडे अर्थिंग मरते ती मे महिन्यातच. तापीकाठची काळी जमीन ओली असताना विजेला उत्तम वाट देते; उन्हाळ्यात तीच आक्रसते, हात-हात भेगा पडतात, अर्थिंगसाठी गाडलेल्या पाइपच्या भोवतीची माती सुटते. म्हणजे पहिला वळीव येतो तेव्हा अर्थिंग वर्षातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असते. पाइप किमान अडीच-तीन मीटरचा, भेगांच्या खालच्या ओल्या थरात पोचलेला हवा. हातभर सळई ठोकून तिला अर्थिंग म्हणणारे पंपघर गावोगाव सापडतील. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी सोडा. ड्रिपचा एक ड्रिपर तिथं लावून दिला तर तेवढीही आठवण ठेवायला नको. साक्री किंवा धुळ्याकडच्या मुरमाड जमिनीत एका पाइपवर भागत नाही. दोन-तीन पाइप एकमेकांपासून निदान पाइपाच्या लांबीइतक्या अंतरावर गाडून जोडून घ्या. स्टार्टरची पेटी, एसपीडी, बोअरचं लोखंडी केसिंग आणि मोटरची अर्थ वायर हे सगळं एकाच अर्थिंगला बांधलेलं असावं, वेगवेगळ्या खड्ड्यांना नको. तांब्याची तार रात्रीतून गायब होते हे सांगायला नकोच. जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी वापरा, काम तेच करते.

वायरमन बऱ्याचदा फेज आणि अर्थिंगमध्ये शंभराचा बल्ब लावून दाखवतो आणि ‘फुल पेटतोय, अर्थिंग ओके’ म्हणतो. त्यावर जाऊ नका. शंभर वॉटच्या पेटत्या बल्बचा स्वतःचाच रोध ५०० ओहमच्या वर असतो. अर्थिंग ३०-४० ओहमची, म्हणजे सर्जच्या कामाला निकामी असली तरी बल्ब लख्खच पेटणार. अर्थ टेस्टर घेऊन येणारा माणूस बोलवा. आकडा ५ ओहमच्या आत आला तर उत्तम, १० च्या वर गेला तर आणखी पाइप.

एसपीडी घेताना तीन फेजच्या पंपाला टाइप २ चा घ्या, २० किलोअँपिअरचा (८/२० मायक्रोसेकंद असं लिहिलेलं असतं). त्यावर ‘यूसी’ म्हणून एक आकडा असतो, म्हणजे किती व्होल्टवर तो कायम टिकतो ते. शहरातला २७५ व्होल्टचा आपल्या लाइनवर टिकत नाही, कारण रात्री भार उतरला की व्होल्टेज चढतं आणि तो हळूहळू तापून संपतो. ३२० किंवा ३८५ चा मागा. पंपाला न्यूट्रल आहे की नुसत्या तीन तारा आहेत, ते दुकानदाराला आधी सांगा. जोडणी त्यावर ठरते. बसवायची जागा मेन स्विचनंतर, स्टार्टरच्या आधी. एसपीडीला येणारी आणि त्यातून अर्थिंगच्या पट्टीकडे जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी, सरळ हवी. वायर उरली म्हणून गुंडाळी करून खोचून ठेवली, तर त्या गुंडाळीवरच झटक्याचे हजारो व्होल्ट उभे राहतात आणि ते मोटरच्या वाट्याला येतात.

मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आता घरोघर झालेत. त्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, तसंच सिंगल फेज प्रिव्हेंटरचं (एक फेज गेली की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं) कार्ड, मोटरच्या आधी उडतं. ड्रिपचं ऑटोमेशन असेल तर फक्त वीजजोडणी बघून चालणार नाही. व्हॉल्व्हकडे गेलेल्या शेतभरच्या बारीक वायरीही झटका गोळा करून कंट्रोलरमध्ये आणतात. ढग दिसले की त्या वायरींचा कंट्रोलरवरचा कनेक्टरच काढून ठेवा.

घरी बसून मोबाइलवर मोटर बंद केली म्हणजे ती लाइनपासून सुटली असं नव्हे. स्टार्टरमधला मोटर जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर, त्यातली फट काही मिलिमीटरची असते. मेन स्विचचा दांडा खाली ओढा, पण विजा सुरू व्हायच्या आत. कडकडाट चालू झाल्यावर पंपघराकडे पळू नका; मोटरचं वायंडिंग पुन्हा भरता येतं, जीव परत येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

आता एक गल्लत दूर करायला हवी. डिम लाइट, एक फेज जाणं, वादळात न्यूट्रल तुटून घरातल्या दिव्या-पंख्यांवर ३००-४०० व्होल्ट येणं, हे सर्ज नव्हेत. हे मिनिटं-तास टिकतात आणि त्यात एसपीडी काही करत नाही, उलट स्वतः जळतो. त्यासाठी प्रिव्हेंटर आणि जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले हाच इलाज. वादळानंतर लाइट आली की लगेच बटण दाबू नका. तिन्ही फेजचं आपापसातलं व्होल्टेज मीटरवर बघा. सरासरीपासून साडेतीन टक्क्यांचा फरक असला तरी वायंडिंगचं तापणं साधारण पाव पटीनं वाढतं. ऑटो स्विचबद्दल तर बोलावं तेवढं थोडं: लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, एक फेज जातो, आणि मग सगळे मिळून महावितरणला शिव्या देतात. काढून टाकता येत नसेल तर निदान टायमर लावा आणि शेजाऱ्याशी बोलून मिनिटं वाटून घ्या.

डीपीवर ११ केव्हीच्या (उच्च दाबाच्या) बाजूला तीन अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारी उपकरणं, असतात. एखाद्याची खालची तार सुटून लोंबत असेल तर तो बाद झालाय. जमिनीवरूनच बघा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. स्वतः चढू नका, डीपीचा फ्यूजही स्वतः बांधू नका.

सौर पंपवाल्यांना लाइनचा झटका नाही, पण पॅनलचा लोखंडी सांगाडा उघड्या रानात उभा असतो. अरेस्टरची आणि कंट्रोलरची अर्थ पट्टी नांगरटीत तुटलेली असते आणि वर्षभर कोणी बघत नाही, हे फार ठिकाणी दिसतं. कंट्रोलरच्या डीसी बाजूला स्वतंत्र, डीसीसाठीचाच एसपीडी लागतो. एसीचा तिथं चालत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मधल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा आहे, तेव्हा खोलून बघण्याआधी कंपनीकडे तक्रार टाका.

एसपीडीच्या खिडकीत हिरवा रंग असतो, मॉड्यूल संपलं की लाल होतो. लाल झाल्यावरही मोटर नेहमीसारखीच चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या गडगडाटानंतर एक नजर टाका. मॉड्यूल ओढून काढता येतं. एक जादा आणून पंपघरात कोरड्या जागी ठेवा.