सामान टेम्पोत चढण्याआधी: कोल्हापुरात नव्याने येणाऱ्यांसाठी ॲप कसे आखावे

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने कोल्हापुरात बिऱ्हाड आणणाऱ्यांसाठी ॲप करायचे म्हटले की सर्वांना आधी भाड्याच्या घरांची यादी सुचते. त्या मोहात पडू नये. घर ओळखीपाळखीतून किंवा एजंटकडून मिळते. माणूस अडतो तो कागदांपाशी, आणि त्यातले बरेचसे कागद कोल्हापुरात नव्हे, तर सोडलेल्या गावीच मिळवायचे असतात. म्हणून ॲपने ‘कोठे राहणार?’ याआधी ‘तेथून कधी आणि कोठून निघणार?’ हे विचारावे.

निघण्याची तारीख कळली की तेथून मागे मोजत कामे लावता येतात. गॅसचे उदाहरण घ्या. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचे आणि त्याच्या आधारे नव्या गावी जोडणी मिळवायची, असा रिवाज आहे. सिलिंडर भांड्यांबरोबर टेम्पोत चढला, की पुन्हा गावी खेप ठरलेली. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला याच रांगेतला. गाडीबाबत मात्र गावानुसार उत्तर बदलते. निपाणीहून केए पासिंगची दुचाकी आणणारा ती 12 महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवणार असेल, तर त्याला तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. सांगलीहून एमएच-10 आणणाऱ्याला क्रमांक बदलावा लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यावा लागतो. दोघांना एकच यादी दाखवणारे ॲप एकाला घाबरवते आणि दुसऱ्याला गाफील ठेवते.

येथे पोचल्यावर सगळ्यांची किल्ली एकच: भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. प्रत्यक्षात अनेक जण 11 महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात, आणि मग आधारवरचा पत्ता बदलताना अडतात. ॲपमध्ये आधार, बँक आणि मतदार यादीतील स्थलांतराचा अर्ज क्रमांक 8 ही कामे करारामागे कुलूप लावून दाखवावीत, पण कुलपाचे कारणही तेथेच एका ओळीत लिहावे. त्याहून उपयोगी म्हणजे घरमालकाला पाठवायचा तयार निरोप: ‘काका, करार ऑनलाइन नोंदवूया का? निबंधक कार्यालयात जावे लागत नाही, घरीच अंगठा देऊन होतो.’ नवख्या भाडेकरूला कायदा ठाऊक असला, तरी तो काकांपुढे कसा काढावा हे सुचत नाही.

पत्त्याच्या रकान्यात पिनकोड पहिला मागू नये. राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे तेथे निभावते. जुन्या पेठांत पत्ता तालमीवरून, देवळावरून किंवा चौकावरून सांगतात. तेव्हा ‘कशाजवळ?’ हा रकाना वर ठेवावा आणि तो मोठा असावा.

घराचा पत्ता भरताच त्या गल्लीत 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी आले होते का, हेही दिसले पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट आहे, हे प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असते. बाहेरून आलेल्याला पावसाळ्यात बातम्यांतले हे आकडे कोडे वाटतात, आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजला घेताना त्याला कोणी आपणहून सांगेलच असे नाही. ही माहिती नकाशावरून अंदाजाने भरू नये. गल्लीत जाऊन जुन्या दुकानदाराला विचारावे. तो भिंतीवर हात ठेवून ‘एवढं होतं’ म्हणून दाखवतो. तो हात जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे टेपने मोजून लिहावे.

मराठीबरोबर हिंदी आणि कन्नड ठेवावी, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत येणारे सगळे मराठी वाचतातच असे नाही. कागदांचे फोटो फोनमध्येच राहावेत, आपल्या सर्व्हरवर घेऊ नयेत. जुने सिम बंद पडू देऊ नका, ही सूचना मात्र ठळक हवी. आधारला जोडलेला क्रमांक बंद झाला की ओटीपी येत नाही.

चाचणी ऑफिसात बसून घेऊ नये. सामान बांधणाऱ्या कुटुंबाकडे जावे, फोन त्यांच्या हातात द्यावा आणि गप्प बसावे. एका हातात सुतळी असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जे बटण दाबता येत नाही, ते मोठे करावे.