बॅटरी-संशोधनाकडे वळताना : हरवलेल्या लिथियमचा हिशेब

बॅटरीच्या संशोधनात येऊ इच्छिणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतात : जास्त ऊर्जा साठवणारा नवा पदार्थ कसा शोधायचा? मीही तोच प्रश्न मनात धरून या क्षेत्रात आले. आता मात्र माझ्याकडे येणाऱ्या नवोदितांना मी आधी दुसऱ्या प्रश्नावर बसवते. साठवलेल्या लिथियमपैकी दर आवर्तनात, म्हणजे एकदा चार्ज आणि एकदा डिस्चार्ज करताना, किती हरवते आणि ते कुठे जाते?

हा हिशेब कागदावर एकदा तरी मांडावा. दर आवर्तनात ९९.९ टक्के लिथियम परत मिळत असेल, तर आकडा उत्तम वाटतो; पण सेलमध्ये लिथियमचा जादा साठा नसेल आणि तूट अशीच साचत गेली, तर हजार आवर्तनांनंतर जेमतेम ३७ टक्के उरते. तेच प्रमाण ९९.९९ टक्के झाले, तर सुमारे ९० टक्के उरते. दशांशचिन्हानंतरच्या एका अंकावर बॅटरीचे आयुष्य असे अवलंबून असल्यामुळे मोजमापाची अचूकता हा या व्यवसायाचा पाया आहे, असे मी मानते.

हरवलेल्या लिथियमचा मोठा वाटा ॲनोडच्या, म्हणजे बहुधा ग्रॅफाइटच्या ऋण ध्रुवाच्या, पृष्ठभागावर सापडतो. पहिल्या चार्जच्या वेळी ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे दोन ध्रुवांमध्ये लिथियम वाहून नेणाऱ्या द्रावणाचे, विघटन होऊन एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकते. हाच थर पुढचे विघटन रोखून धरतो, त्यामुळे त्याच्यावाचून बॅटरी चालणारच नाही. ग्रॅफाइटऐवजी वापरून पाहिल्या जाणाऱ्या सिलिकॉनची अडचणही इथेच आहे. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅमला ३७२ मिलिॲम्पिअर-तास, तर सिलिकॉनची त्याच्या जवळजवळ दहापट. परंतु लिथियम शोषताना सिलिकॉनचे आकारमान तिपटीहून अधिक होते, वरचा थर तडकतो, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर नवा थर बसतो आणि त्यासाठी पुन्हा लिथियम खर्ची पडते.

हे मला उशिरा कळले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तयार केलेल्या कॅथोडची, म्हणजे धन ध्रुवाची, क्षमता शंभर आवर्तनांपर्यंत जवळपास ढळली नव्हती आणि मी शोधनिबंधाचा मसुदाही लिहायला घेतला होता. परंतु त्या चाचण्या हाफ-सेलमध्ये केलेल्या होत्या. समोर लिथियम धातूची चकती होती आणि हरवलेल्या प्रत्येक कणाची भरपाई ती करत होती. समोर ग्रॅफाइट ठेवून फुल-सेल बांधला, तेव्हा तीसेक आवर्तनांतच क्षमता घसरू लागली. त्या मसुद्यातील एकही आकडा खोटा नव्हता, तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा होता. म्हणून मी आग्रहाने सांगते की फुल-सेलमध्ये तपासल्याशिवाय दीर्घायुष्याचा दावा करू नये, आणि आलेखाखाली इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला किती पदार्थ होता हे लिहावे, कारण पातळ लेपावर जवळपास कोणताही पदार्थ गुणी दिसतो.

पहिले काही महिने हाताला वळण लावण्यात जातात. सक्रिय पदार्थ, वाहक कार्बन आणि त्यांना चिकटवून ठेवणारा बाइंडर द्रावकात घोटून स्लरी करायची, ती धातूच्या पातळ पत्र्यावर सारखी पसरायची, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवायची आणि आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये जाड हातमोज्यांतून कॉइन सेल, म्हणजे नाण्याएवढी चाचणी-बॅटरी, जुळवायचा. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमधले लिथियमचे क्षार पाण्याच्या अंशानेही विघटित होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करतात, त्यामुळे वाळवण्यातली घाई पुढे महिनाभर भोवते. एकाच पद्धतीने केलेले किमान तीन सेल सारखे वागेपर्यंत नव्या पदार्थाला हात लावू नये.

वेळेचे नियोजनही शिकावे लागते. चार्जला तीन तास आणि डिस्चार्जला तीन तास धरले, तर हजार आवर्तनांना २५० दिवस लागतात. त्यामुळे दीर्घ चाचण्या प्रबंधाच्या सुरुवातीलाच लावून ठेवाव्यात आणि त्या चालू असताना विश्लेषणासाठी प्रोग्रामिंग व विद्युतरसायनशास्त्राचा पाया पक्का करावा.

पदवी कोणत्या विषयाची असावी, याची चिंता मात्र फार करू नये. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांपैकी जॉन गुडइनफ यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली होती आणि अकिरा योशिनो यांनी आपले काम उद्योगात राहून केले. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या कॅथोडवरचे गुडइनफ यांचे काम १९८० चे, तर सोनीने ही बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना लागणारा हा काळ उद्योगात जाऊ पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. तिथे सुरक्षितता, खर्च आणि लाखो सेलमधला सारखेपणा यांवरच बहुतेक दिवस जातात, आणि मला ते काम शोधाइतकेच मोलाचे वाटते.

माझ्या गटात येणाऱ्याला मी पहिल्याच महिन्यात निकामी झालेला एक सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडायला देते. पूर्ण चार्ज झालेले ग्रॅफाइट सोनेरी दिसते. त्या सोनेरी पृष्ठभागावर कडेला राखाडी ठिपके दिसले, तर ते बहुधा ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच साचलेले लिथियम असते. ते तिथेच का साचले, हे विचारून मी वही पुढे करते आणि त्याला लिहायला सांगते.