स्कॉटलंडच्या डोंगरात फिरताना परवानगी कोणाची घ्यावी?

सह्याद्रीत मुरलेला भटक्या स्कॉटलंडला पोहोचला की त्याला हाच प्रश्न पडतो. तिथली बरीचशी डोंगराळ जमीन खासगी मालकीची आहे. तरीही २००३ च्या भूसुधारणा कायद्यातील तरतुदी फेब्रुवारी २००५ पासून लागू झाल्यामुळे पायी, सायकलवर, घोड्यावरून किंवा वल्ह्याच्या होडीतून बहुतेक जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर रात्री-अपरात्रीसुद्धा विनापरवानगी वावरता येते. पायवाट असलीच पाहिजे अशीही अट नाही. मात्र जबाबदारीने वागणाऱ्यापुरताच हा हक्क आहे, आणि मोटारसायकल, शिकार किंवा मासेमारी त्यात बसत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये असे गृहीत धरू नये, कारण तिथे हा हक्क पुष्कळ मर्यादित आहे.

घराचे आवार आणि उभे पीक टाळावे. शेत ओलांडायचेच असेल तर बांधाच्या कडेने किंवा पेरणीत सोडलेल्या पट्ट्यातून जावे. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडावे. ते उघडतच नसेल आणि चढूनच जावे लागणार असेल, तर बिजागरीच्या बाजूने चढावे, म्हणजे ते वाकत नाही. वासरे असलेल्या गाईंपासून दूर राहावे. सोबत कुत्रा असेल आणि गाय अंगावर आली, तर साखळी सोडून द्यावी: कुत्रा पळून सुटतो, माणसाला ते जमेलच असे नाही.

तंबूसाठी नियम सोपा आहे: मंडळी थोडी, मुक्काम एका जागी दोन-तीन रात्रींचा, आणि जागा रस्ता व घरांपासून दूर. लघवी पाण्यापासून किमान ३० मीटरवर करावी. शौचासाठी उथळ खड्डा खणून नंतर तो बुजवावा. शेकोटीचा हट्ट मी तरी धरणार नाही, कारण तिथली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन आतून धुमसत राहते. लॉक लोमंड राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठच्या काही भागांत १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात तंबूसाठी परवाना लागतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असल्याने निघण्याआधी त्या भागातील सूचना पाहून घ्याव्यात.

कोणी विनाकारण वाट अडवली किंवा ‘प्रवेश बंद’ची पाटी लावली असेल, तर मालकाशी वाद घालू नये. पाटीचे छायाचित्र आणि नकाशावरील नेमकी जागा स्थानिक कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेश अधिकाऱ्याकडे पाठवावी. हा हक्क राखणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे.