स्कीममधील रिकर्शनचे स्वाध्याय कॉमन लिस्पमध्ये उतरवताना या चुका टाळा

स्कीम आणि कॉमन लिस्प या लिस्प प्रोग्रामिंग भाषेच्या दोन बोली आहेत. स्कीमसाठी लिहिलेले रिकर्शनचे, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारण्याचे, स्वाध्याय कॉमन लिस्पमध्ये सोडवताना नवशिक्याला सुरुवातीला ज्या एरर दिसतात, त्या सहसा निरुपद्रवी असतात. फंक्शन लिहिताना ‘डिफाइन’च्या जागी ‘डीफन’ किंवा अटींच्या ‘कॉन्ड’च्या शेवटी ‘एल्स’च्या जागी ‘टी’ लिहायचे राहिले, तर ते लगेच लक्षात येते. खरी काळजी घ्यावी लागते ती प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि उत्तर मात्र चुकते तेव्हा.

अशा चुकांचे मूळ बहुधा रिकाम्या लिस्टमध्ये सापडते. स्कीममध्ये रिकामी लिस्ट आणि असत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अट तपासताना रिकामी लिस्ट सत्य ठरते. कॉमन लिस्पमध्ये ‘निल’ हेच असत्य आहे, हीच रिकामी लिस्ट आहे आणि शिवाय तो एक सिम्बॉलही (नावासारखे मूल्य) आहे. दिलेल्या संख्यांमधून ठरावीक बेरीज होईल असा गट शोधण्याचा स्वाध्याय घ्या. स्कीममध्ये उरलेली बेरीज शून्य झाली की रिकामी लिस्ट परत करतात, गट न सापडल्यास असत्य परत करतात आणि उत्तर सत्य असेल तर त्याला पुढची संख्या जोडतात. हेच कॉमन लिस्पमध्ये जसेच्या तसे उतरवले, तर यश आणि अपयश दोन्ही ‘निल’ होतात आणि कोणत्याही संख्यांसाठी गट सापडत नाही. अपयशासाठी वेगळा कीवर्ड (कोलनने सुरू होणारा सिम्बॉल) परत करावा आणि अटीत तोच तपासावा.

अटींचा क्रमही याच कारणाने बिघडतो. लिस्टमधील सिम्बॉल मोजताना ‘सिम्बॉल आहे का’ ही अट ‘रिकामी आहे का’ या अटीच्या आधी लिहिली तरी स्कीममध्ये चालते. कॉमन लिस्पमध्ये मात्र प्रत्येक लिस्टच्या शेवटचा ‘निल’ही मोजला जातो आणि (अ (ब क) ड) या लिस्टसाठी 4 ऐवजी 6 उत्तर येते. रिकाम्या लिस्टची अट नेहमी पहिली लिहिण्याची सवय मी आग्रहाने सुचवेन.

फंक्शनच्या आत फंक्शन लिहिताना ‘डीफन’मध्ये ‘डीफन’ घालू नये, कारण आतले नाव सगळीकडे लागू होते आणि दुसऱ्या स्वाध्यायातील त्याच नावाचे मदतनीस फंक्शन पुसले जाते. येथे आतले फंक्शन आतच मर्यादित ठेवणारे ‘लेबल्स’ वापरावे. ‘फ्लेट’ दिसायला तसेच असले, तरी त्यातील फंक्शन स्वतःला हाक मारू शकत नाही, आणि त्याच नावाचे जुने फंक्शन शिल्लक असेल तर गुपचूप तेच चालते. पॅरामीटर म्हणून आलेले फंक्शन ‘फनकॉल’ किंवा ‘अप्लाय’नेच चालवावे लागते, ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ ही एरर आल्यास प्रथम हेच पाहावे.

स्टॅक (फंक्शनच्या अपूर्ण हाका साठवणारी जागा) संपल्याचा संदेश आला, की बहुतेक जण टेल कॉलला, म्हणजे फंक्शनची शेवटची कृती असलेल्या हाकेला, दोष देतात. स्कीमच्या मानकाने टेल कॉलमुळे स्टॅक वाढू नये असे बंधन घातले आहे, तर 1994 च्या ॲन्सी कॉमन लिस्प मानकात तसे बंधन नाही, हे खरे आहे. तरीही आधी थांबण्याची अट तपासावी, कारण स्कीममध्ये रिकाम्या लिस्टचा ‘कडर’ (पहिला घटक सोडून उरलेली लिस्ट) घेतला की एरर येते, पण कॉमन लिस्पमध्ये ‘निल’चा ‘कडर’ पुन्हा ‘निल’च मिळतो आणि अट विसरलेले फंक्शन स्टॅक संपेपर्यंत स्वतःलाच हाक मारत राहते. अट बरोबर असूनही लांब लिस्टवर स्टॅक संपत असेल, तर ती फेरी ‘डूलिस्ट’ किंवा ‘लूप’ने लिहावी.