फिश ऑइल घेताना: बाटलीची मागची बाजू आधी वाचा

फिश ऑइल मागायला येणाऱ्याला बाटली देण्याआधी मी विचारते, कुणी सांगितलं आणि कशासाठी? केस गळतात, गुडघे दुखतात, मुलाची दहावी आहे, जिममधल्या सरांनी सांगितलं. कारणं हजार असतात, बाटली मात्र सगळ्यांना तीच हवी असते. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते, त्यामुळे हे तेल मला औषध म्हणूनही कळतं आणि मासळी म्हणूनही. काउंटरवर घाईत सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात बाटली उलटी करण्यापासून. पुढे ठळक अक्षरात '१००० मि.ग्रॅ.' लिहिलेलं असतं, ते नुसतं तेलाचं वजन. आपल्याला ज्यासाठी हे तेल हवं ती दोन द्रव्यं म्हणजे ईपीए आणि डीएचए, दोन्ही ओमेगा-३ प्रकारातली. ती मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतात. साध्या १००० मि.ग्रॅ.च्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मि.ग्रॅ. असतात. बाकीचं ७०० मि.ग्रॅ. साधी चरबी. तिथेच 'प्रति सर्व्हिंग' किती कॅप्सूल धरल्यात तेही बघा. कधी दोन कॅप्सूलचा आकडा छापलेला असतो आणि आपण तो एकीचा समजतो.

मग हिशोब करा. समजा ६० कॅप्सूलची एक बाटली ६०० रुपयांना आहे आणि प्रत्येकीत ईपीए-डीएचए मिळून ३०० मि.ग्रॅ. आहे, तर रुपयाला ३० मि.ग्रॅ. पडलं. दुसरी तेवढ्याच कॅप्सूलची बाटली ९०० रुपयांची, पण कॅप्सूलमध्ये ६०० मि.ग्रॅ. असेल तर रुपयाला ४० पडतं. महाग दिसणारी बाटलीच स्वस्त निघाली. हा हिशोब दुकानातच उभ्या उभ्या करा, दुकानदाराला संकोचू नका.

आता हे घ्यावं कुणी? याचा सगळ्यात पक्का उपयोग रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) फार वाढलेली असतात तेव्हा होतो. पण तिथे दिवसाला ईपीए-डीएचए मिळून ४ ग्रॅमपर्यंत लागतं आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या जास्त शुद्ध औषधातून घ्यायचं असतं. साध्या कॅप्सूलने ती मात्रा गाठायची तर रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील. तसं कुणीही करू नका. धडधाकट माणसाने हार्ट अटॅक टळावा म्हणून रोज एक कॅप्सूल घ्यावी का, हे अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर तपासलं गेलं. त्या 'व्हायटल' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज १ ग्रॅम घेऊनही मोठे हृदयविकार आणि पक्षाघात मिळून लक्षात येण्याइतके कमी झाले नाहीत. केस, दहावीचे मार्क, वजन यांसाठी तर मी स्वतःहून कुणाला देत नाही.

पाठोपाठ माझा दुसरा प्रश्न येतो. "काकी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची अ‍ॅस्पिरिन यांपैकी काही चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा ठोके अनियमित पडत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. जास्त मात्रेत या तेलाने ठोक्यांची अनियमितता वाढू शकते, हे मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं तेल आहे. ते माशाच्या यकृताचं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर. गरोदरपणात जास्तीचं अ जीवनसत्त्व बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून 'आपल्या आजीने दिलं होतं' या भरवशावर गरोदर सुनेला ते देऊ नका.

घेतलंच तर जेवणासोबत घ्या, तेही तूप-तेल असलेल्या जेवणासोबत. रिकाम्या पोटी आंबट-खवट ढेकर येतात आणि अंगीही कमी लागतं. नवी बाटली फोडली की एक कॅप्सूल सुईने टोचून थेंब बशीत घ्या आणि वास बघा. ताज्या तेलाला मासळीचा हलका वास असतो, तो चालतो. नाकात झोंबणारा, जुन्या रंगासारखा खवट वास आला तर तेल हवेने खराब झालंय, बाटली परत करा. लिंबाचा वास घातलेल्या कॅप्सूलमध्ये हे ओळखणं अवघड जातं, म्हणून मी बिनवासाच्या सुचवते.

मासे खाणाऱ्या घराला मात्र मी आधी बाजाराचा रस्ता दाखवते. आठवड्यातून दोनदा तारली (सार्डिन) किंवा बांगडा ताटात आला तर बहुतेकांना कॅप्सूलची गरज उरत नाही. तारली वर्षभर सारखी नसते. पाऊस सरल्यावर ती सगळ्यात तेलकट असते. तव्यावर टाकली की तिचंच तेल सुटतं, वरून जेमतेम चमचाभर पुरतं. पण ते सुटलेलं तेल तव्यातच राहून वाया जातं, म्हणून मला तारलीचं तिखलं जास्त आवडतं. त्रिफळं आणि आमसूल टाकून अंगाबरोबर रस्सा ठेवून शिजवलं की तेल रश्शात उतरतं आणि रस्सा भाकरीबरोबर पोटात जातो. विकत घेताना डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल आणि पोट घट्ट हवं. बर्फाशिवाय उन्हात पडलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी सोडा. त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर तोंड लाल होऊन अंगावर गांध्या उठतात. मोरीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, लहान माशांत कमी. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोरी टाळलेली बरी.

हे तेल येतं कुठून, हेही खरेदी करताना मनात असू द्या. जगात सगळ्यात जास्त फिश ऑइल पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँचोव्ही माशातून निघतं. मासळी शिजवायची, दाबायची, पाणी आणि तेल वेगळं करायचं. उरलेला चोथा वाळवून फिशमिल, म्हणजे मासळीची भुकटी होते. तेलाचा उतारा साधारण पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोभर तेलाला वीसेक किलो मासळी. त्यातलं बहुतेक तेल माणसाच्या कॅप्सूलमध्ये जात नाही, सॅमनसारख्या पाळलेल्या माशांच्या खाद्यात जातं. १९७२ मध्ये अतिमासेमारी आणि एल निनो (तिथला समुद्र तापवणारा हवामानातला फेर) एकत्र आले आणि ही मासेमारी कोसळली. २०२३ मध्ये तर समुद्रात कोवळा मासाच जास्त दिसल्यामुळे पेरूने मुख्य पट्ट्यातला पहिला हंगामच रद्द केला.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट मला जास्त लागते. केरळात २०१२ मध्ये तारली ३.९ लाख टन मिळाली होती, २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. समुद्र तापला हे खरं, पण फिशमिलसाठी कोवळी तारली उपसली गेली हेही खरं. आमच्या बंदरातही बोटभर बांगडे आणि तारली टेम्पोत भरून कारखान्याकडे जाताना दिसतात. एकदाही अंडी न घातलेला मासा तो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, पण तो टोपलीपर्यंत पोचायला गिऱ्हाइकाचीही साथ लागते. बोटभर बांगडा 'स्वस्त आहे' म्हणून घेऊ नका. कोळणीला सरळ सांगा, "ताई, एवढा बारका नको." चार जणींनी सांगितलं की पुढच्या वेळी ती लिलावात तो उचलत नाही.

कॅप्सूलच्या बाबतीत, डोकी-शेपट्यांसारख्या प्रक्रियेतल्या उरलेल्या भागातून काढलेलं तेल लेबलवर दिसलं तर ते निवडा. कोणत्या माशाचं आणि कुठल्या समुद्रातलं हे जी कंपनी लिहीत नाही, तिची बाटली मी शेल्फवर पुढे ठेवत नाही. एमएससी या टिकाऊ मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं निळं माशाचं चिन्ह असेल तर उत्तम.

शाकाहारी घरांसाठी शेवाळाचं तेल मिळतं. माशालाही ईपीए-डीएचए शेवाळातूनच मिळतं, त्यामुळे थेट मूळ स्रोत गाठला जातो. ते महाग आहे, आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना, हे हिरवं चिन्ह बघून खात्री करा. जवसाची चटणी रोज खा, चांगलीच आहे, पण जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचएत रूपांतर शरीरात फार थोडं होतं. तेव्हा डॉक्टरांनी डीएचए लिहून दिलं असेल तर चटणीवर भागवू नका.

बाटली खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहा. पातळ तेल असेल तर फ्रिजमध्येच ठेवा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत संपवा. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून वर्षभराची भरू नका, दोन महिन्यांत संपेल एवढीच न्या.