सोसायटीचा मेंटेनन्स ठरवताना या चुका टाळा

बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीचा हिशेब मी बारा वर्षं लिहिला. आता आजूबाजूच्या सोसायट्या सल्ल्याला बोलावतात आणि चुका त्याच निघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेंटेनन्स न वाढवण्याचा अभिमान. "नऊ वर्षं पाचशेच घेतो," असं आमची कमिटी सांगायची आणि मी खजिनदार असून गप्प बसायचो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये कंबरेपर्यंत चढलं, तेव्हा लिफ्ट तळमजल्यालाच उभी होती. लिफ्टखालचा खड्डा पाण्यानं भरला, केबिनखालचं वायरिंग गेलं, पाण्याची मोटर जळाली. कोटेशन साडेचार लाखांचं आणि खात्यात १ लाख १० हजार. फ्लॅटमागे चौदा हजारांवर मागितले, तर मीटिंगमध्ये सातच जणांनी होकार दिला. लिफ्ट अकरा आठवडे बंद राहिली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायला पोरं आठवड्यातून दोनदा खुर्चीत बसवून खाली उतरवायची. ते बघवत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी वस्तूंची यादी करतो, दर नंतर ठरवतो. साधारण लिफ्ट वीस-पंचवीस वर्षं चालते. आज नवीन बसवायला बारा लाख लागत असतील, तर आमच्याकडे फ्लॅटमागे पन्नास हजार. वीस वर्षांत जमवायचे तर महिन्याला दोनशेच्या आसपास, पंधराव्या वर्षी जाग आली तर आठशेच्या वर. त्यात भाववाढ धरलेली नाही. वर्षाला सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणून आकडा दर वर्षी नव्यानं मांडायचा.

पुण्या-मुंबईचे पाहुणे "बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड" सांगून जातात आणि नवी कमिटी तेच उतरवून घेते. सिंकिंग फंड म्हणजे अशा मोठ्या खर्चासाठी साठवायचा निधी. पाव टक्का हा महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींतला, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतला, वार्षिक किमान दर आहे, आणि तो मूळ बांधकाम खर्चावर लागतो. वीस वर्षांपूर्वी फ्लॅट बांधायला चार लाख लागले असतील, तर वर्षाला हजार रुपये. त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होणार नाही.

गच्चीवर दर मे महिन्यात नुसता रंगाचा हात मारू नका. पाणी कुठे साचतं ते पहिल्या पावसात वर जाऊन बघा, उतार आणि पन्हाळ्याची तोंडं आधी नीट करा.

सिंकिंग फंड रोजच्या खात्यात ठेवू नका. वेगळी एफडी, दोन सह्या.

इमारतीच्या विम्यात पूर धरलाय का, ते स्वतः वाचा.

नवी इमारत असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसलेले बांधकामाचे दोष बिल्डरला लेखी कळवा. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे ते त्याला तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यावे लागतात. फोनवर सांगून थांबू नका.

"दोन वर्षांत फ्लॅट विकणार, मी कशाला भरू?" असं म्हणणारा प्रत्येक मीटिंगमध्ये असतोच. त्याच्याशी मी वाद घालत नाही. फंडाचा आणि लिफ्टच्या वयाचा कागद जिन्याजवळच्या फळ्यावर लावतो. हल्ली फ्लॅट बघायला येणारे तो आवर्जून वाचतात.

आणि नदी वाढल्याची बातमी आली, की वॉचमननं लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करायचा. त्याला पैसे लागत नाहीत.